व्हिएन्नातलं पोस्टर आणि शंकरपाळ्या

युरोपियन जिओसायन्सेस युनियन या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेचं अधिवेशन दरवर्षी, बहुधा एप्रिलात, व्हिएन्नात भरतं. आठवडाभर, हजारो माणसं. बसाल्टातल्या, म्हणजे काळ्या पाषाणातल्या, विहिरींवरच्या माझ्या संशोधनाचं पोस्टर घेऊन मी गेले. निघताना माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, "व्याख्यानं कमी ऐक, माणसं जास्त भेट."

पहिले दोन दिवस मी माणसं चुकीची निवडली. ज्यांचे पेपर वाचून या विषयात आले, त्या प्राध्यापकांच्या मागे कॉफीच्या रांगेत उभी राहिले. पाळी आल्यावर तोंडातून निघालं फक्त "तुमचं काम आवडलं." ते हसले, कप उचलला, गेले.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोस्टरपाशी इथिओपियाची एक पीएचडीची मुलगी होती. तिचा दगडही बसाल्टच. गर्दी ओसरल्यावर माझ्या शंकरपाळ्या खात तिनं विचारलं, "पंप बंद केल्यावर विहीर किती वेळात भरते, हे शेतकऱ्यांना विचारलंस का?" नव्हतं विचारलं. आता त्यावर प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं राहतंय.

ओळखींनी संशोधनाला खरंच फरक पडतो का? २०१२ साली आयझॅक वादळामुळे न्यू ऑर्लिन्समधलं अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांचं अधिवेशन ऐनवेळी रद्द झालं. कार्यक्रम छापलेला, पण भेटी झाल्याच नाहीत. अर्थतज्ज्ञांनी पुढे त्याचा माग काढला, तेव्हा न झालेल्या भेटींचा तोटा सहलेखनात आणि पेपरांना इतरांनी दिलेल्या संदर्भांच्या संख्येतही दिसला.

व्हिएन्नाला जाणाऱ्यांसाठी: गोषवारा जानेवारीत द्यावा लागतो, पण प्रवासखर्चाच्या मदतीचा अर्ज त्याआधीच, डिसेंबरच्या सुरुवातीला, इथेच बरेच जण चुकतात. स्वीकृती आली की लगेच व्हिसाची वेळ घ्या. पोस्टर आडवं करा (मी उभं केलं होतं, फलकाच्या खाली लोंबत राहिलं) आणि कापडावर छापा, घडी घालून बॅगेत मावतं. विमानतळावरून एस-७ लोकलनं प्राटरश्टेर्नला या, तिथून यू-१ मेट्रो थेट सभागृहापाशी सोडते. रविवारी दुकानं बंद असतात. प्राटरश्टेर्न स्टेशनातलं किराणा दुकान उघडं सापडतं. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

व्हिजिटिंग कार्डं मी शंभर नेली, त्र्याण्णव परत आणली. त्याऐवजी रोज रात्री भेटलेल्यांना दोन ओळींची मेल टाका, काय बोलणं झालं ते लिहून. इथिओपियाच्या त्या मुलीला मी तशीच टाकली होती. गेल्या आठवड्यात तिच्या चाळीस विहिरींच्या नोंदी आल्या. रकान्यांची नावं अम्हारिक या इथिओपियातल्या भाषेत आहेत, तेवढं विचारायचं राहिलंय.