तुम्ही विचारलंत म्हणून: विजयदुर्ग घेणारा वॉटसन कोण होता

विजयदुर्गाचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, आंग्र्यांचं आरमार संपवणारा तो अ‍ॅडमिरल वॉटसन कोण होता, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर ना? नाही हो, इंग्लंडच्या राजाच्या नेव्हीतला, आणि हा फरक त्याने शेवटपर्यंत मिरवला.

चार्ल्स वॉटसन, जन्म १७१४. आरमार खात्याचे प्रमुख सर चार्ल्स वेजर नात्यातले, त्यामुळे चोविशीतच कॅप्टन. म्हणजे वशिला होताच, पण नुसता वशिला नाही, १७४७ मध्ये स्पेनच्या किनाऱ्याजवळ फिनिस्टरच्या दोन्ही लढायांत तो फ्रेंचांशी लढला आणि पुढच्याच वर्षी रिअर अ‍ॅडमिरल झाला. १७५४ ला हिंदुस्थानात आला तोही फ्रेंचांसाठीच, विजयदुर्गाचे तुळाजी आंग्रे मधेच आले.

फेब्रुवारी १७५६. समुद्रात वॉटसनची जहाजं, सोबत कंपनीचा रॉबर्ट क्लाइव्ह, जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य (हो, आपलंच, हे सांगितलं की लोक गप्प होतात). एक गोळा आंग्र्यांच्या जहाजावर पडला, आग भडकली आणि एकमेकांना बांधून ठेवलेलं सगळं आरमार जळून गेलं. गंमत म्हणजे लुटीचे वाटे मुंबईतून निघायच्या आधीच ठरले होते आणि त्यात मराठ्यांना काहीच नव्हतं, मग इंग्रजांनी घाईघाईने किल्ल्यात आधी शिरून सुमारे दहा लाखांची लूट आपसात वाटली, आणि किल्ला पेशव्यांना मिळाला तो ऑक्टोबरच्या तहानंतर, त्याच्या बदल्यात इंग्रजांना बाणकोट देऊन.

आता हाच माणूस जानेवारी १७५७ मध्ये बंगालचा नवाब सिराज उद्दौलाकडून कलकत्ता परत घेतो आणि तिथला किल्ला कोणाच्या ताब्यात यावरून क्लाइव्हशी असा भांडतो की तोफा डागायची धमकी देतो! पुढे नवाबाविरुद्धच्या कटात सामील असलेला व्यापारी अमीचंद, त्याला फसवायला क्लाइव्हने खोटा करारनामा केला, त्यावर सही करायला वॉटसनने नकार दिला, तर त्याची सही दुसऱ्याने ठोकली. लोक इथे त्याला एकदम सज्जन ठरवतात. मला नाही पटत, खोट्या सहीची लाज होती पण सोबत लढणाऱ्या मराठ्यांना लुटीच्या वाट्यातून वगळायची नव्हती, आणि बनावट सही झाली म्हणून त्याने पुढे आकांडतांडव केल्याचंही दिसत नाही.

प्लासीनंतर दोन महिन्यांच्या आत, ऑगस्ट १७५७ मध्ये, तो कलकत्त्यातच तापाने गेला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याचं स्मारक आहे, त्यावर घेरियाचं, म्हणजे आपल्या विजयदुर्गाचं, नाव कोरलंय. खर्च कोणी केला? कंपनीने.