तांबडी सुर्ल्याच्या वाटेवर पावशाचा माग

मे महिना संपत आला की गोव्यात उसगाव-तिस्कवरून साकोर्डेमार्गे तांबडी सुर्ल्याला जावं. काळ्या दगडातलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ पाहायला लोक लांबून येतात. पण त्याच्या पाठीशी जे रान आहे, त्यात या दिवसांत कोकीळकुळातले किती पक्षी बोलत असतात! यंदा मी त्यांच्यासाठीच गेलो.

मुक्काम ओळखीच्या काकांच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत होता. चांदणं पडलं होतं आणि त्या कुळातला पावशा थांबायला तयार नव्हता. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणत सूर चढत जायचा, टिपेला पोचून तुटायचा आणि पुन्हा खालून सुरू व्हायचा. "रात्रभर चालतं त्याचं," काका म्हणाले, "मिरग जवळ आला ना!"

ही साद नराची. पावशाची मादी घरटं बांधत नाही, सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडं घालते. म्हणून पावशा ऐकू आला की त्याला झाडात शोधत बसण्यापेक्षा मी आसपास सातभाई कुठे आहेत ते बघतो. खरी गोष्ट तिथे घडत असते.

सकाळी पोफळींखाली त्यांचा थवा सापडला. कलकलाट करत वाळलेली पानं उलटीपालटी करणं चाललं होतं. त्यांच्या मागोमाग एक पिल्लू उड्या मारत होतं. छातीवर तपकिरी ठिपके, लांब शेपटीवर आडवे पट्टे. पंख थरथरवत ते 'की-की' असं खरखरीत ओरडायचं, चोच उघडली की आतला रंग दिसायचा. एका सातभाईने हिरवी अळी आणली आणि थेट त्याच्या घशात कोंबली. ते पावशाचं पिल्लू होतं.

सातभाईचं अंडं निळं, पावशाचंही निळंच. मोठा पावशा दिसतो आणि उडतो शिक्रा ससाण्यासारखा, त्यामुळे लहान पक्षी बिथरतात. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की बहुधा यजमानाची अंडी घरट्याबाहेर ढकलून देतं. हे वाचून लोक त्याला दुष्ट ठरवतात, ते मला अजिबात पटत नाही. डोळेही न उघडलेल्या जिवाला कसला आलाय दुष्टपणा?

कोकिळेची रीत थोडी वेगळी. ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, आणि कावळ्याची नि कोकिळेची पिल्लं कधी कधी एकत्रच वाढतात. काळाभोर, लाल डोळ्यांचा नर 'कुहू' करतो. ठिपक्यांची मादी नुसतं 'किक्-किक्-किक्' करते. कावळे नराच्या मागे लागले की तिला घरट्याकडे जायला वाव मिळतो. साकोर्ड्याच्या रस्त्यावर कावळे त्याला हुसकावताना दिसले; मादी मात्र नजरेस पडली नाही.

देवळाकडच्या रानात चार सुरांची शिटी ऐकू आली. तो पट्टेरी तांबूस कोकीळ. सुभगासारख्या छोट्या पक्ष्याच्या घरट्यात त्याचं पिल्लू वाढतं, आणि पालकापेक्षा कितीतरी मोठं होतं.

एक विनंती: मोबाइलवर आवाज वाजवून या पक्ष्यांना बोलावू नका. विणीच्या दिवसांत नर आपली हद्द राखायला धावत येतो, त्याची नाहक दमछाक होते. नुसतं उभं राहिलं तरी पुष्कळ ऐकू येतं.

चातक अजून आलेला नव्हता. तो मोसमी वाऱ्यांबरोबर समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून येतो, आणि त्याची पिल्लंही सातभाईच वाढवतात. जूनच्या अखेरीस मी पुन्हा त्याच पोफळींखाली जाणार आहे.