दारातून परतलेला मतदार

मतदानासाठी कोणते ओळखपत्र चालेल याचा नियम कडक झाला की सगळी चर्चा तोतया मतदारांभोवती फिरते. मला मात्र काळजी वाटते ती यादीत नाव असूनही मतदान केंद्राच्या दारातून परत गेलेल्या माणसाची, कारण बहुतेक ठिकाणी त्याची मोजदादच होत नाही.

ब्रिटनमध्ये ती काही अंशी झाली. इंग्लंडमध्ये पूर्वी मतदाराने नाव आणि पत्ता सांगितला की मतपत्रिका हाती मिळत असे. २०२२च्या कायद्याने छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे केले आणि मे २०२३च्या स्थानिक निवडणुकांत ही सक्ती प्रथम अमलात आली. तिथल्या निवडणूक आयोगाच्या माहितीनुसार त्या दिवशी सुमारे १४,००० लोक ओळखपत्राअभावी मत न देताच गेले. केंद्रावर आलेल्यांच्या तुलनेत हे प्रमाण पाव टक्क्याच्या आसपास असल्याने ते क्षुल्लक वाटू शकते. पण काही केंद्रांच्या दारातच ओळखपत्राची आठवण करून देणारे कर्मचारी उभे होते आणि तिथूनच जे माघारी वळले ते या आकड्यात पूर्णपणे आलेले नाहीत, मग जे घरूनच निघाले नाहीत त्यांचे काय? आयोगाने मत न दिलेल्यांना कारण विचारले, तेव्हा त्यांतील चार टक्क्यांनी ओळखपत्राच्या नियमाचे नाव घेतले.

मान्य कागदपत्रांची यादी कोणाला नजरेसमोर ठेवून केली जाते, हेही तिथे दिसले. ज्येष्ठांचा बस पास चालत होता, तरुणांचा सवलतीचा रेल्वे पास चालत नव्हता. दोन्हींवर छायाचित्र असते. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी मोफत प्रमाणपत्राची सोय होती हे खरे, परंतु त्यासाठीचा अर्ज मतदानाच्या सहा कामकाजी दिवस आधी करावा लागे, आणि नियम बदलल्याचे ज्याला केंद्रावर आल्यावरच कळते त्याच्या ती सोय काही उपयोगाची नाही.

अमेरिकेतील इंडियाना राज्याचे उदाहरण मला जास्त अस्वस्थ करते. तिथला २००५चा ओळखपत्र कायदा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००८मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला. राज्याच्या इतिहासात केंद्रावर येऊन कोणी तोतयेगिरी केल्याचा पुरावा नोंदींत नाही, हे त्याच निकालात नमूद आहे. निकालानंतर अवघ्या आठ दिवसांनी त्या राज्यात प्राथमिक निवडणूक झाली, तेव्हा ऐंशी-नव्वदीच्या घरातील सुमारे बारा जोगिणींना चालणारे ओळखपत्र नाही म्हणून मत देता आले नाही. केंद्रावरची कर्मचारी त्यांच्याच मठातली होती. ती त्यांना ओळखत होती, तरीही नियमापुढे तिचा इलाज चालला नाही. ओळख पटवणे आणि ओळखपत्र तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्टपणे कसे सांगता येईल?

तोतयेगिरीची भीती निराधार आहे असे मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या नावावर पडलेले एक मतही खऱ्या मतदाराचा हक्क हिरावून घेते. प्रश्न पुराव्याचा भार कोणावर, हा आहे. भारतात मतदार ओळखपत्र जवळ नसले तरी यादीत नाव असल्यास आयोगाने ठरवलेल्या इतर कागदपत्रांपैकी एक दाखवून मत देता येते, बोटाला शाई लागते आणि केंद्रात उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असतात. एखाद्या मतदाराच्या ओळखीवर प्रतिनिधीला शंका असेल तर १९६१च्या नियमांनुसार त्याला दोन रुपये अनामत भरून आक्षेप घ्यावा लागतो आणि त्यासाठी पुरावा देण्याची जबाबदारीही त्याचीच असते. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मतदार मत देतो. आक्षेप खोडसाळ ठरला तर अनामत जप्त होते. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे कळले, तर केंद्राध्यक्षांच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणाऱ्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका मिळते. निदान त्या मतदाराची नोंद तरी कागदावर राहते.