अमेरिका सोडल्यावर आलेली आयआरएसची नोटीस

तिकडचं बिऱ्हाड आवरून पुण्यात येऊन दोन-अडीच वर्षं झालेली असतात आणि जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याचं, पाकीट येतं. आत वीस-बावीस हजार डॉलरचा आकडा. काही जण घाबरून लगेच भरायला निघतात, काही जण 'आता आपण तिथे राहतच नाही' म्हणून कागद कपाटात टाकतात. दोन्हींत नुकसान आहे. आधी पानाच्या कोपऱ्यातला नोटीस क्रमांक वाचा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

सीपी २००० असेल तर ते बिल नव्हे, प्रस्ताव आहे. ब्रोकरने किंवा बँकेने कळवलेले आकडे तुमच्या रिटर्नशी जुळले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. उत्तराला ३० दिवस मिळतात, अमेरिकेबाहेर राहणाऱ्याला ६०. हे दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजतात, पाकीट हातात पडलं तेव्हापासून नाही. सीपी १४ असेल तर मात्र कर आकारून झालेला आहे आणि ती खरोखरची मागणी आहे.

आयटीवाल्यांच्या बाबतीत सीपी २०००चं नेहमीचं कारण म्हणजे आरएसयू, कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर. समजा १,००० शेअर ८० डॉलर भावाने व्हेस्ट झाले, म्हणजे तुमच्या नावावर आले. ते ८०,००० डॉलर पगारात धरून डब्ल्यू-२ या वार्षिक पगारपत्रकात आले आणि त्यावर कर कापला गेला. नंतर शेअर ८२ ला विकले, पण विक्री रिटर्नमध्ये दाखवायची राहिली. ब्रोकर आयआरएसला पाठवतो त्या १०९९-बी या विक्रीच्या पत्रकावर विक्री ८२,००० असते आणि खरेदी किमतीचा रकाना बहुधा रिकामा. आयआरएसचा संगणक रिकाम्याचा अर्थ शून्य असा लावतो. २४ टक्के स्लॅब धरला तर कर १९,६८० डॉलर, वर २० टक्के दंड. खरा नफा २,००० आणि त्यावरचा कर ४८०.

उत्तरात 'सहमत नाही'वर खूण करा. सोबत भरलेला फॉर्म ८९४९ आणि शेड्यूल डी (शेअरविक्रीच्या नफ्या-तोट्याचे तक्ते), ब्रोकरचं सप्लिमेंटल स्टेटमेंट (खरी खरेदी किंमत तिथेच असते), डब्ल्यू-२ ची प्रत आणि पानभर खुलासा. वाद एवढाच असेल तर १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, भरायची गरज नाही. नोटिशीवर अपलोडसाठी अॅक्सेस कोड दिलेला असेल तर तोच वापरा, टपालाच्या भरवशावर राहू नका.

उत्तर गेलं नाही तर नोटीस ऑफ डेफिशियन्सी, म्हणजे कर कमी भरल्याची कायदेशीर नोटीस, येते. टॅक्स कोर्टात जायला ९० दिवस, नोटीस अमेरिकेबाहेर राहणाऱ्याला पाठवलेली असेल तर १५०. शेवटची तारीख नोटिशीवर छापलेली असते, आयआरएस ती वाढवून देत नाही. अर्ज कोर्टाच्या डॉसन प्रणालीवर ऑनलाइन करा, फी ६० डॉलर. भारतातल्या टपाल शिक्क्याची तारीख तिथे धरली जात नाही. हीही मुदत टळली आणि कर आकारला गेला, तरी तो भरलेला नसताना ऑडिट रिकन्सिडरेशन, म्हणजे आयआरएसकडून फेरतपासणी, मागता येतं. कागद तेच लागतात.

परतल्यानंतरच्या वर्षाची नोटीस असेल तर ब्रोकरकडे अजून डब्ल्यू-९ (अमेरिकी करदात्याचा फॉर्म) च पडून आहे का ते बघा. तो असेपर्यंत ब्रोकर तुम्हाला अमेरिकेचे रहिवासी समजून १०९९ पाठवत राहतो. डब्ल्यू-८बेन (परदेशी रहिवाशाचा फॉर्म) भरा; सही केलेलं वर्ष आणि पुढची तीन वर्षं तो चालतो.

'दहा वर्षं गेली की वसुली संपते' हे अर्धवट ऐकीव आहे. सलग सहा महिने किंवा जास्त अमेरिकेबाहेर राहिलात, तर त्या काळात ती दहा वर्षं पुढे सरकतच नाहीत. व्याज मात्र रोज चक्रवाढीने चढतं.

काही भरायचंच असेल तर आधी अकाउंट ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे आयआरएसकडचा तुमच्या खात्याचा उतारा, मागवा. त्यातल्या कोडपैकी १५० म्हणजे मूळ रिटर्नची नोंद, २९० म्हणजे नंतर वाढवलेला कर, ९७१ म्हणजे नोटीस निघाली. अमेरिकन खातं असेल तर आयआरएसच्या साइटवरचं डायरेक्ट पे सोपं. नसेल तर भारतातल्या बँकेतून ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरून वायर करा आणि तपशिलात एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), १०४० (रिटर्नचा फॉर्म क्रमांक) आणि कर वर्ष लिहा, नाहीतर पैसे जमा होऊनही तुमच्या खात्यावर चढत नाहीत. उशिरा भरण्याचा दंड, आधीची तीन वर्षं स्वच्छ असतील तर, विनंती करून माफ होऊ शकतो. वरच्या २० टक्के दंडाला ही सवलत नाही.

कॅलिफोर्नियात राहिला असाल तर राज्याचा हिशेब वेगळा. फेडरल आकडा बदलला की सहा महिन्यांत राज्याच्या कर खात्याला कळवावं लागतं, आणि त्यांची वसुलीची मुदत २० वर्षं आहे.

आणि पत्ता बदलल्याचा फॉर्म ८८२२ आजच भरा. आयआरएसकडे नोंदलेल्या शेवटच्या पत्त्यावर नोटीस गेली की ती कायद्याने पोचली असं धरतात, मग त्या फ्लॅटमध्ये आता कोणीही राहत असो.