दिवे घाटाच्या पायथ्याशी एकादशी

पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम आटोपून संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवडकडे निघते, तो दिवस बहुतेक वर्षी योगिनी एकादशीचा असतो आणि दत्ताच्या व माझ्या वार्षिक प्रवासाचाही तोच पहिला दिवस. दत्ता माझा प्राथमिक शाळेपासूनचा मित्र. आमच्या तालुक्याच्या गावी त्याचे औषधांचे दुकान आहे आणि त्याच पेठेत माझा दवाखाना. ज्येष्ठ वद्यात आम्ही दोघे आपापली कामे दुसऱ्यांवर सोपवतो, पुण्याला येतो, पालखीबरोबर नीरा नदीपर्यंत जातो आणि माउलींच्या पादुकांचे नीरास्नान झाले की परततो. सोबत औषधांची एक मोठी ट्रंक असते. ती दत्ता भरतो, आणि कोणती वस्तू कोणत्या थरात आहे हे त्याला डोळे मिटूनही सांगता येते. वाटेत गरज पडेल त्या वारकऱ्याला तपासायचे, औषध द्यायचे, जास्त वाटले तर शासकीय पथकाकडे सोपवायचे, एवढेच आमचे काम.

डॉक्टरच्या दृष्टीने हा पहिला दिवस सगळ्या वाटेतला अवघड दिवस असतो. पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरांहून मोठा आहे. पहाटे निघालेली दिंडी हडपसरला विसावा घेऊन वडकीच्या बाजूने दिवे घाटाच्या पायथ्याशी पोहोचते, तेव्हा दुपार कलायला आलेली असते, आणि खरी चढण तिथून पुढे सुरू होते. बहुतेकांचे पाय अजून चालायला सरावलेले नसतात. त्यात एकादशीचा उपास. साठी-सत्तरीचा माणूस पोटात काही नसताना एवढे अंतर चालतो आणि दिवस मावळताना घाट चढतो, यामागचा भाव मला ठाऊक आहे, कारण माझे आजोबाही तसेच चालत. त्यामुळे उपास सोडा असे मी कुणाला सांगत नाही. मला काळजी असते ती उपासाबरोबर सकाळी नेमाने घेतलेल्या गोळीची.

एका वर्षी आम्ही घाटाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून बसलो होतो. दुपारी दोनपर्यंत नेहमीचेच काम होते. पायांना आलेले फोड स्वच्छ करून वर मलमपट्टी करायची आणि कातडी ओढून काढू नका म्हणून बजावायचे. पोटऱ्यांत गोळे आलेल्यांना क्षारसंजीवनीचे पाणी पाजायचे. शेजारीच काही तरुण मुले तेल लावून वारकऱ्यांचे पाय चोळत होती आणि एक चर्मकार बंधू मोफत चपला शिवून देत बसले होते. दिंड्यांमागून दिंड्या पुढे सरकत होत्या. टाळ, मृदंग, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, विणेकरी, पताका, हे सारे हैबतबाबांनी घालून दिलेल्या शिस्तीत चाललेले पाहताना हात कामात असले तरी मन भरून येते.

तीनच्या सुमारास चौघांनी एका आजोबांना उचलून आणले. वय सत्तरीच्या आसपास. पांढरे धोतर, अंगात कोपरी, गळ्यात माळ. बरोबर त्यांची सून होती. बोलण्यावरून मराठवाड्यातली वाटली. "डॉक्टरसाहेब, मामाजींना ऊन लागलंय बघा. मघापासून बोलंना गेले," ती म्हणाली. आणणाऱ्यांपैकी एकाने त्यांच्या डोक्यावर पाणी ओतायला घेतले होते. मी त्याला थांबवले आणि आजोबांच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होते. कोपरी घामाने पिळून निघेल इतकी भिजली होती. नाडी जलद चालत होती. नाव विचारले तर ते माझ्याकडे बघत, पण उत्तर न देता हाताने टाळ धरल्यासारखे काहीतरी करत राहत.

उष्माघातात अंग तापलेले असते. इथे अंग गार, घामाने थबथबलेले आणि माणूस भांबावलेला. अशा वेळी पहिली शंका रक्तातल्या साखरेची घ्यावी लागते. मी सांगण्याआधीच दत्ताने यंत्रात पट्टी घातली होती. बोटाला सुई टोचली, थेंब घेतला. आकडा आला ३४. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर सत्तर ते शंभरच्या दरम्यान असते. ३४ म्हणजे मेंदूला लागणारे इंधन संपत आल्याची खूण, आणि त्यात वेळ गेला तर झटके येऊ शकतात, माणूस पूर्ण बेशुद्ध होऊ शकतो.

तोवर आजोबा पुरते गुंगीत गेले होते. अशा माणसाच्या तोंडात साखरपाणी घालणे धोक्याचे असते, कारण ते श्वासनलिकेत उतरते. शिरेतूनच द्यायला हवे होते. पण गार पडलेल्या, सुरकुतलेल्या हातावर शीर सापडेना. दत्ताने तो हात दोन्ही तळव्यांत धरून चोळला, खाली लोंबता ठेवला, आणि मनगटाच्या वरच्या बाजूला एक बारीक शीर दिसू लागली. तिथे सुई लागली. पंचवीस टक्क्यांच्या ग्लुकोजची शंभर मिलिलिटरची बाटली, म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर, मी सावकाश सोडली. बाटली संपायच्या आत आजोबांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "रथ गेला का?"

भोवतीच्या लोकांनी "माउली माउली" असा गजर केला. सुनेने डोळ्यांना पदर लावला. पुन्हा साखर पाहिली, ती १४२ होती. आजोबा उठून बसले आणि चपला शोधू लागले. दिंडीतले लोकही म्हणाले, बरे वाटतेय तर हळूहळू नेतो आम्ही, घाटात आधार देतो.

नेमका इथेच घात होतो. साखर कशाने उतरली हे कळल्याशिवाय अशा रुग्णाला सोडता येत नाही. कागदपत्रे मागितली तर सून म्हणाली, सगळे वळकटीत आहे आणि वळकटी ट्रकमध्ये. दिंडीचे सामान ट्रकमधून मुक्कामाच्या गावी आधीच पोहोचते, त्यामुळे ज्या वेळी माणसाच्या आजाराची माहिती हवी असते, त्या वेळी ती दहा-पंधरा किलोमीटर पुढे कुठल्यातरी राहुटीत पडलेली असते. "सकाळी पुण्यात च्या घेतला, गोळी खाल्ली, मग दिसभर पाण्याबगर काही नाही," तिने सांगितले. कोणती गोळी, ते तिला माहीत नव्हते.

दत्ताने आजोबांना विचारून त्यांच्या कोपरीच्या खिशातली कागदाची पुडी काढली. आत गोळ्यांच्या पट्टीचा कात्रीने कापलेला तुकडा होता. दोन गोळ्या शिल्लक, आणि औषधाचे नाव असलेला भाग कापण्यात गेलेला. दत्ता स्वतःच्या दुकानात पट्टी कापतो तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर राहील अशी कापतो, आणि तसे जमत नसेल तर पाकिटावर लिहून देतो. त्याच्या नोकराला यावरून बोलणी खाताना मी पाहिले आहे. त्याने तो तुकडा उजेडात धरला, मागच्या बाजूची उरलेली शेवटची अक्षरे वाचली, एक गोळी बाहेर काढली. लांबट गोळी, दोन रंगांचे दोन थर. "अरे, नुसतं मेटफॉर्मिन नाही हे," तो म्हणाला, "यात ग्लिमेपिराइड आहे. त्यांना सोडू नकोस."

त्याच्या त्या वाक्याने पुढचा निर्णय झाला. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याच्या पातळीखाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातली औषधे मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग माणूस जेवलेला असो वा नसो. वरून चालणारे स्नायू साखर ओढत असतात. म्हातारपणी मूत्रपिंडे मंदावली असतील तर औषध शरीरातून लवकर निघत नाही, म्हणून शिरेतून दिलेली साखर संपली की ती पुन्हा उतरते. कधी काही तासांनी, कधी मध्यरात्री झोपेत. असा रुग्ण निदान चोवीस तास देखरेखीखाली ठेवावा लागतो.

हे आजोबांना पटवणे शिरेत सुई घालण्यापेक्षा कठीण गेले. दिवे घाट पायी चढायचा हा त्यांचा नेम होता. शिवाय त्यांना दुसरीच रुखरुख लागली होती. उपास मोडला का, असे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. दत्ता त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "माउली, तुम्हाला शिरेतून साखरच दिलीय, आणि साखर उपासाला चालते," तो म्हणाला. मग त्याने शेंगदाण्याचा लाडू आणि केळे त्यांच्या हातात ठेवले, आणि ते खाईपर्यंत समोरून हलला नाही. घाटाचा विषय निघाल्यावर तो म्हणाला, "घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात ना? देवाच्या रथाला मदत चालते, मग तुम्हाला का चालू नये?" आजोबा बराच वेळ गप्प राहिले आणि शेवटी त्यांनी चपला बाजूला ठेवल्या.

ग्लुकोजचे सलाईन चालू ठेवून, लाडू-केळे पोटात गेलेले असूनही, सव्वा तासाने साखर पाहिली तर ती ६१ वर आली होती. हाताला पुन्हा बारीक कंप सुटला होता. त्या क्षणी ते घाटाच्या मधल्या वळणावर असते, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मागेपुढे लाखोंची गर्दी, तर काय झाले असते हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. आम्ही पुन्हा ग्लुकोज दिले आणि १०८ची रुग्णवाहिका बोलावली. घाटरस्ता वारकऱ्यांनी भरून गेला होता, पण भोंगा ऐकू येताच दिंड्या एका कडेला सरकत गेल्या. अभंग न थांबवता माणसे वाट देत होती. मी आजोबांबरोबर गाडीत बसलो. खाली मस्तानी तलाव दिसू लागला तेव्हा त्यांनी बसते करायला सांगितले आणि काचेतून बाहेर पाहत हात जोडले. सासवडच्या ग्रामीण रुग्णालयात त्यांना दाखल करून घेतले. रात्री दोनदा साखर उतरली आणि दोन्ही वेळा तिथल्या परिचारिकांनी ती वेळेत पकडली.

दत्ता ट्रंक घेऊन रात्री सासवडला पोहोचला. आम्ही दोघे थेट त्या दिंडीच्या राहुटीत गेलो. दिंडीप्रमुखांकडे भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाची वर्गणी, भरलेल्या सगळ्या वारकऱ्यांची वही असते, ती आम्ही मागून घेतली. कंदिलाएवढ्या उजेडाच्या एका दिव्याखाली बसून एकेक नाव पुकारले आणि कुणाला साखरेचा त्रास आहे, कोण कोणती गोळी घेतो, हे विचारले. दत्ताने औषधांच्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा कापून चिठ्ठ्या केल्या. नाव, दिंडीचा क्रमांक, आजार, गोळी आणि घरचा फोन लिहून त्या ज्याच्या त्याच्या खिशात घातल्या, कारण वळकटी पुन्हा ट्रकमध्येच जाणार होती. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे होते. गोळी पारण्याआधी घ्यायची नाही, पान वाढले गेले की मग घ्यायची, असे मी प्रत्येकाला सांगितले, आणि पंढरपूरला आषाढी एकादशीच्या दिवशी काय करायचे ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना फोन करून आधीच विचारून ठेवायला लावले.

नावे संपत आली तेव्हा विणेकरी बुवा पुढे आले. ते कित्येक वर्षे इन्सुलिन घेत होते आणि दिंडीत कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. "विणा खांद्यावर घेतो मी. लोक म्हणतील, याला झेपायचं नाही," ते म्हणाले. इन्सुलिनच्या कुप्या कुठे ठेवता असे दत्ताने विचारले. त्यांनी ट्रकच्या टपाखालच्या पत्र्याच्या पेटीकडे बोट दाखवले. दिवसभर उन्हात तापलेली ती पेटी दत्ताने त्याच वेळी उघडली, आतल्या कुप्या बाजूला काढल्या, आमच्या बर्फाच्या डब्यातल्या दोन नव्या कुप्या त्यांना दिल्या आणि नीरेपर्यंत त्या आमच्याकडेच राहतील, रोज दोन्ही वेळा मुक्कामावर येऊन घेऊन जायच्या, असे ठरवून टाकले. नीरेच्या पुढे त्या कुठे ठेवायच्या हे ठरवायला मात्र आम्हाला नीरेच्या अलीकडच्या वाल्ह्याच्या मुक्कामापर्यंतचा वेळ लागला. शेवटी दिंडीतल्याच एका बाईने आपला थर्मास रिकामा करून दिला.