चित्राला मार्क कशाचे?

गोव्यात आमची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली तरी पाऊस उसंत देत नाही. आज शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्ही प्राथमिकवाले दुपारभर चित्रकलेवरून भांडलो. गणितावरून कधी कोणी एवढं भांडलेलं आठवत नाही.

२०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा स्वतंत्र विषय धरलाय आणि इतर विषयांसारखीच त्याचीही ध्येयं नि क्षमता ठरवून दिल्यात. त्या तपासायच्या कशा, एवढाच प्रश्न होता. एक ज्येष्ठ सर म्हणाले, ‘आधी सरळ रेघ मारायला शिकवा, मग काय तो मुक्त आविष्कार.’ नव्याने लागलेली एक टीचर म्हणाली, ‘पोरांच्या कागदाला हातच लावू नका.’ बाकीचे बहुतेक गप्प होते. दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत सांभाळणाऱ्याला चित्रकलेचा तास म्हणजे वह्या तपासायला मिळालेली सवड, हे त्यांनी चहाच्या वेळी सांगितलं, माइकवर नाही.

तसं हे भांडण जुनंच आहे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक या कलाशिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच मुलांना मनासारखं काढू द्यायचा वर्ग चालवला. १९४७ साली लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाने मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. १९८०च्या दशकात अमेरिकेत उलटा सूर निघाला: नुसतं काढून भागत नाही, कलेचा इतिहास, समीक्षा, सौंदर्यविचारही शिकवा. तिथल्या कलाशिक्षणाच्या २०१४च्या मानकांत निर्मितीच्या जोडीला सादरीकरण, प्रतिसाद आणि संदर्भाशी सांगड अशी चार अंगं आहेत. मला यातला ‘प्रतिसाद’ सगळ्यात कामाचा वाटतो. मूल चित्राबद्दल काय बोलतं, हे टिपायला ना रंग लागतात ना वेगळा कलाशिक्षक.

तिसरीतल्या एका पोराने परवा घरातली चवथ काढली. भिंत पारदर्शक, आतलं सगळं दिसतंय. गणपती हाताच्या अंगठ्याएवढा आणि वर माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळापानांची चौकट, अर्ध्या कागदावर पसरलेली! आंबाडे, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगं. प्रत्येक फळाचा देठ वेगळा काढलेला, आंबाड्यांना झुबक्यात टांगलेलं. शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणाल्या, ‘प्रमाण चुकलंय, दहातले पाच.’ पोराला विचारलं तर म्हणाला, ‘माटोळीचं सामान पप्पा रानातून आणतात, मी पण जातो.’ या वयात जे महत्त्वाचं ते मोठं काढलं जातं, हेच तर लोवेनफेल्डने सांगितलं. पाच मार्क कशाचे कापले?

पण म्हणून मी ‘हात लावू नका’वाली नाही. आमच्याकडे गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या चित्रशाळेत पोरं जातात ती बघून बघूनच शिकतात. आधी माती मळायची, मग साच्यातून काढलेला मूर्तीचा हात घासून गुळगुळीत करायचा, कित्येक वर्षांनी ब्रश हातात. डोळ्यांची आखणी म्हातारा कारागीर दुसऱ्या कोणाला करू देत नाही. नक्कल करायला लावली म्हणून कोणाची कल्पकता मेल्याचं मी तरी पाहिलं नाही. नक्कल कशाची, हा प्रश्न आहे. चित्रशाळेत समोर हात चालत असतो. वर्गात आम्ही फळ्यावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी आणि एक माड काढून देतो. ज्या गोव्यात सूर्य समुद्रात मावळताना दिसतो, तिथल्या कागदांवर तो वर्षानुवर्षं दोन डोंगरांमधून उगवतोच आहे! (उगवतीला सत्तरी तालुक्यात डोंगर आहेत म्हणा, पण असे त्रिकोणी नाहीत.)

प्रशिक्षणातून निघता निघता त्या ज्येष्ठ सरांशी पुन्हा जुंपली. ‘बोलण्याला मार्क दिलेत तर बडबडी पोरं पुढे जातील,’ म्हणाले. हे मात्र खरं आहे, आमच्या वर्गात अशी तीन पोरं आहेत जी चित्र सुंदर काढतात आणि तोंड उघडत नाहीत. त्यांनी बोलण्याऐवजी बोटाने दाखवलं तरी चालेल, असं ठरवून टाकलं. चवथीची सुट्टी संपली की माटोळीचीच चित्रं काढायला लावणार, फळ्यावर काहीही न काढता. मुख्याध्यापिका बाईंकडे मोठे कागद मागितलेत, त्या ‘बघूया’ म्हणाल्यात.