एकट्याने करण्याजोगे काम: धार आणि पॉलिश

बडोद्याहून फोन येतो तेव्हा दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या भाच्याविषयी हटकून चिंता व्यक्त होते: मुलाच्या हातात कसब आहे, पण तो चार माणसांत रमत नाही, त्याचे पुढे कसे होणार? इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात चाकू-कात्र्यांना धार लावून मी पोट भरतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते.

या शहराचा चाकू-कात्र्यांचा धंदा दीर्घकाळ ‘लिटल मेस्टर’ म्हणवल्या जाणाऱ्या स्वतंत्र कारागिरांनी चालवला. ते मोठ्या इमारतीत घासणीचे एखादे चाक किंवा बाकापुरती जागा भाड्याने घेत. एक जण पाते घडवी, दुसरा धार लावी, तिसरा मूठ बसवी, आणि आपापले काम करताना कोणाला कोणाशी फारसे बोलावे लागत नसे. एकटा असूनही कारागीर एका छपराखाली होता, हे मला फार मोलाचे वाटते.

कामाची प्रकृतीच एकाग्रतेची आहे. बोथट सुरी आधी ४०० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचे माप; आकडा मोठा तेवढा दगड बारीक), मग १००० च्या आणि शेवटी ३००० किंवा त्याहून बारीक दगडावर घासताना युरोपीय पात्याला दगडाशी साधारण २० अंशांचा, तर जपानी पात्याला १५ अंशांचा कोन शेवटपर्यंत राखावा लागतो, आणि मध्येच कोणी हाक मारली की मनगट हलते. यंत्राच्या चाकावर पाते जास्त दाबले, तर ते तापून निळे पडते आणि पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते. पॉलिश करताना भरड ओरखडे पुरते जाण्याआधीच बारीक मसाल्याकडे वळले, तर चकाकीखालून ते पुन्हा दिसू लागतात.

धोका मात्र खरा आहे. वालुकाश्माच्या चाकांवर कोरडी घासणी करणारे येथील अनेक जुने कारागीर फुफ्फुसांत धूळ साचून अकाली दगावले. तेव्हा धूळ खेचणारा पंखा, मुखपट्टी आणि चष्मा यांत काटकसर नसावी.

सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढून ज्या बडोद्यात हातांच्या विद्येला मान दिला, त्या शहरात हे काम कमीपणाचे मानू नये. शिंपी, केशकर्तनालये आणि आचारी यांना चांगली धार लागतेच, आणि बोलणे वस्तू घेताना व देताना होईल तेवढेच. भाच्याला आधी १००० ग्रिटचा दगड आणि घरातली सरळ सुरी द्यावी; विळीचे पाते बाकदार असते, ते हात बसल्यावर घ्यावे.